हिरव्या इंजिनाची एक फेरी

यंदाही मिठाला पाणी सुटलं. बरणीचं झाकण उघडलं तर वरचा थर ओला आणि चमचा आत रुतून बसलेला. गोमती नगरात सहाव्या मजल्यावर राहा नाहीतर आणखी कुठं राहा, भाद्रपदातल्या लखनौच्या चिकट हवेपासून सुटका नाही. काडेपेटी मऊ, पापड मऊ, सकाळचं वर्तमानपत्रही मऊ. लेकाचा शर्ट तीन दिवस दोरीवर लटकतोय. तो विचारतो, "मम्मी, ये सूखेगा कब?" मी मराठीत सांगते, "ऑक्टोबरात." तो हसतो. मला काही हसू येत नाही. ह्या दिवसांत मी उगाच कावते हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. का कावते, ते मी कुणाला धड सांगितलेलं नाही.

बाकीच्या ऋतूंशी माझं भांडण नाही. मेमधली लू सोसते, जानेवारीतला कोहरा तर मला आवडतोच. पण दशहरी आंबा संपतो, मागून आलेला चौसाही संपतो, हातगाड्यांवर भुट्टे येतात, पाऊस धड पडत नाही नि धड थांबतही नाही, गणपती आठ दिवसांवर येतात, आणि मला चिंचेचा वास नकोसा होतो. देवाची उपकरणी मी पावडरीनं घासते. आई होती तोवर कुरकुरायची, "चिंचेशिवाय तांब्याला झळाळी येते का गं?" मी म्हणायची, "नको येऊ दे." तिला कारण ठाऊक होतं. तरी दर वर्षी विचारायची. विचारलं नसतं तर ते जास्त लागलं असतं, मला आणि तिलाही.

तर बाबा. बाबा मूळचे मिरजेचे, रुळांच्या कडेला घर असलेले. गाडी गेली की फडताळातली भांडी वाजायची, आणि कुठली गाडी गेली ते ह्या पोराला भांड्यांच्या आवाजावरून कळायचं म्हणे. पुढे ते रसायनशास्त्र शिकले, डॉक्टरेट मिळवली आणि लखनौच्या एका संशोधन संस्थेत औषधी मुळ्यांचा अर्क काढायला लागले. आम्ही महानगर नावाच्या मोहल्ल्यात भाड्यानं राहायचो, कपूरथला बाजारापासून चालत सात मिनिटं. दिवसभर साहेब असलेला हा माणूस घरी आला, चहा घेतला, की मागच्या बंद व्हरांड्यात जाऊन स्टेशनमास्तर व्हायचा.

व्हरांडाभर टेबल होतं. मलिहाबादहून आंबे येतात त्या पेट्यांच्या फळ्या जोडून बाबांनी ते स्वतः ठोकलेलं. भोवती एक माणूस आडवा चालेल एवढीच जागा. टेबलावर गोल फिरणारे पत्र्याचे रूळ, एक बोगदा, एक लोखंडी पूल, एक स्टेशन, आणि त्यांवर धावणाऱ्या जुन्या विलायती खेळण्यांच्या गाड्या. इंग्रजांच्या काळात कुणा साहेबाच्या मुलासाठी बोटीनं आलेल्या. ऐंशीच्या सुरुवातीपासून रेल्वेतली जुनी गोरी-सावळी अँग्लो-इंडियन कुटुंबं एकेक करून ऑस्ट्रेलियाला चालली होती, आणि त्यांच्या माळ्यावरचं सामान नख्खासच्या रविवारच्या बाजारात यायचं. बाबा झोळी घेऊन निघायचे. आई दारातून म्हणायची, "माणसं रविवारी भाजी आणतात हो." बाबा भाजीही आणायचे. झोळीत भेंडीखाली एखादा डबा, एखादा सिग्नल, चाक निखळलेला तेलाचा टँकर असायचा. आई भेंडी झटकून घ्यायची आणि टँकर दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवायची.

ह्या गाड्यांचं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. रूळ तीन असायचे. बाहेरचे दोन चाकांसाठी आणि मधला विजेचा. मधल्या रुळाखाली जाड कागदाच्या चिमुकल्या चकत्या घातलेल्या, वीज बाजूच्या रुळांत उतरू नये म्हणून. रूळ लोखंडी पत्र्याचे, वर कथलाची पातळ कल्हई, आतून पोकळ. ते सगळं साठ वर्षांचं, म्हाताऱ्या माणसासारखं जपायचं. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब घेऊन बाबा ते पुसायचे. "रुळाला पाणी नाही मने, थेंबही नाही," हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ऐकू येणं बंद झालं होतं.

लखनौतल्या आमच्या गणपतीचा थाटच वेगळा. मूर्ती बंगाली कारागिराकडून आणायची, त्यामुळे बाप्पाचे डोळे लांबलचक, कानापर्यंत. "दुर्गेचा भाऊ वाटतो," आई दर वर्षी म्हणायची. बाप्पा बसायचे टेबलाच्या मधोमध, रुळांच्या आत. आरती सुरू झाली की बाबा गाडी सोडायचे. उघड्या वॅगनमध्ये खिरापतीची वाटी. आरती संपेस्तोवर गाडी देवाभोवती फिरायची, आणि शेवटच्या टाळीला बरोबर स्टेशनात उभी राहायची. शेजारच्या शुक्ला चाची आरतीच्या वेळी बाप्पाकडे कमी आणि गाडीकडेच जास्त पाहायच्या. "भाईसाहब, आपके गणेशजी तो रेल मंत्री हैं," म्हणायच्या. बाबा लाजायचे. पन्नाशी उलटलेला माणूस अगदी नव्या नवरीसारखा लाजायचा.

विजेचं तर काय सांगावं. दिवे मिणमिणले की गाडी रांगायची, मग एकदम दाब वाढला की उधळायची. बाबा बोलता बोलता सांगायचे, "एकशे ऐंशी व्होल्ट असेल बघ," आणि मी मीटर लावून बघायची तर एकशे ब्याऐंशी. अन् वीज गेली की अख्ख्या गल्लीतून एकच ओरडा उठायचा, "अरे, गई!" जणू कुणाला ठाऊक नव्हतं! परत आली की तसाच ओरडा, "आ गई!" गाडी जिथं थांबली होती तिथून पुन्हा निघायची. बाबांना ते फार आवडायचं. "ही कधी रुसत नाही," म्हणायचे, आणि स्वयंपाकघराकडे बघायचे. आतून आई भांडं आपटायची.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं त्या वर्षी मी वीस वर्षांची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, आणि विषय केमिस्ट्री. हे लिहिताना आजही कान तापतात. त्या वर्षी बाबांचे डोळे गेले होते असं म्हणत नाही; जात होते. काचबिंदू. उशिरा कळला. डावा डोळा कामातून गेलेला, आणि उजव्यातून नळीतून पाहिल्यासारखं दिसायचं. जिन्याच्या पायऱ्या चुकायला लागल्या, ताटातल्या कडेच्या कोशिंबिरीला हात जाईना, आणि तरी त्यांनी आम्हांला सांगितलं नव्हतं. गाडी बोगद्यातून बाहेर आली की त्यांची मान तिच्यामागे वळू लागली तेव्हा मला कळलं. आधी फक्त डोळे वळायचे.

डॉक्टर चांगले होते, खोटं बोलले नाहीत. "जितना बचा है, उतना बचाने की कोशिश करेंगे। वादा नहीं है।" ऑपरेशन गणपतीच्या आधी ठरलं. घरी येताना आम्ही रिक्षा केली. निशातगंजचा पूल ओलांडल्यावर बाबा म्हणाले, "एवढा गणपती दिसू दे. हिरवं इंजिन एकदा फिरताना बघायचंय. मग जे व्हायचं ते होवो."

हिरवं इंजिन त्यांना आदल्या हिवाळ्यात मिळालं होतं. अकरा वर्षं शोधत होते. रंग काही ठिकाणी उडालेला, पुढचा दिवा शाबूत, मोटर मात्र जळालेली. जुन्या शहरात चौक बाजारातले खलील मियाँ पंख्यांच्या मोटरींचं वाइंडिंग करायचे. त्यांनी केसासारखी तार गुंडाळून ती मोटर नवी केली. वयानं बाबांएवढेच. दर गणपतीला येऊन व्हरांड्याच्या दारात उभे राहायचे, आत या म्हटलं तरी येत नसत. इंजिन परत देताना म्हणाले, "डॉक्टर साहब, अब ये दौड़ेगी। मगर पहली बार मेरे सामने दौड़ाइएगा।" बाबांनी शब्द दिला. पहिली फेरी चतुर्थीला. तोवर इंजिन कपाटात, फडक्यात गुंडाळलेलं.

बाबा आठ दिवस इस्पितळात. आई तिथं, मी घरी. गणपतीची तयारी माझ्यावर. समया, निरांजन, ताम्हण, पळी, सगळं काढून चिंच भिजवली, मीठ घातलं आणि घासत बसले. तांबं कसं लख्ख झालं! वाडग्यात निम्मी चिंच उरली. आणि व्हरांड्यात रूळ काळपटलेले. कित्येक महिने बाबांना नीट पुसता आले नव्हते. दिसतच नव्हते तर काय पुसणार. काळा थर बसला की गाडी अडखळते, हे मला माहीत होतं. म्हटलं, चतुर्थीला अडखळायला नको. म्हटलं, बाबा आल्यावर त्या उरलेल्या नळीतून बघतील तर रूळ चांदीसारखे दिसतील. पाण्याचं बजावलेलं? आठवलं की. पण वाटलं, गच्चीवर ऊन आहे, लगेच वाळवू. मला त्यांना चकित करायचं होतं हो. एवढंच होतं मनात.

एकेक रूळ सोडवला, बादलीत बुडवला, चिंच-मिठानं काथ्या घेऊन घासला. दुपारभर. कंबर मोडली. गच्चीवर चादरीवर मांडले तर असे चमकले की शुक्ला चाची त्यांच्या गच्चीवरून ओरडल्या, "अरे बिटिया, चाँदी सुखा रही हो?" मी मान ताठ करून हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी रुळांवर चहाच्या डागासारखं काहीतरी आलं. तिसऱ्या दिवशी बोट फिरवलं तर बोट तांबडं. पॉलिश पेपर घासला, गेलं, संध्याकाळी परत आलं. आतल्या पोकळीत पाणी राहिलं होतं आणि मीठही. हवा तर अशी की उशीसुद्धा ओली. ट्रान्सफॉर्मर जोडून बटण दाबलं तर ठिणगी उडाली आणि घराचा फ्यूज गेला. मग मी एक रूळ उलटा केला. मधल्या रुळाखालच्या कागदी चकत्या भिजून, फुगून, लगदा झाल्या होत्या.

तशीच रिक्षा करून चौकात गेले. खलील मियाँ दुकान तसंच टाकून आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एक रूळ खिडकीशी नेला, वास घेतला. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"किससे धोया, बिटिया?"

"इमली से."

त्यांनी अंगठ्याच्या नखानं रूळ खरवडून पाहिला. मग हळू म्हणाले, "कलई उतर गई। अब ये ख़ाली लोहा है। और काग़ज़ सब गल गया। एक-एक काटकर बिठाएँगे, तो सर्दियाँ आ जाएँगी।"

"परसों वो घर आ रहे हैं," मी म्हटलं, आणि तिथंच फरशीवर बसून रडले. खलील मियाँनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला वॉर्निशचा वास होता.

आईला इस्पितळाच्या व्हरांड्यात सांगितलं. ती ओरडली नाही. डब्याचं झाकण लावत म्हणाली, "सांगू नकोस. डोळ्यात टाके आहेत. वाकायचं नाही, रडायचं नाही, असं सांगितलंय त्यांना." मग झाकण पुन्हा उघडून बंद केलं. "आणि मने, दिसणार नाहीये त्यांना. आज पट्टी काढली होती. उजेड कळतो, अंधार कळतो. बस. डॉक्टर म्हणाले, वाट बघू." तिनं वाट बघू असं म्हटलं, पण तिच्या चेहऱ्यावर वाट बिट काही नव्हती.

म्हणजे रूळ चांगले असते तरी बाबांना गाडी दिसली नसतीच. लोक मला समजवायला हे सांगतात, नवऱ्यानंही सांगितलं. मला त्यानं कधीच बरं वाटलं नाही. डोळे गेल्यावर त्यांच्याकडे कान होते. अकरा वर्षं शोधलेल्या इंजिनाचा आवाज तरी त्यांचा होता, तो मी बादलीत बुडवला.

पुढचं आधीच सांगून टाकते, नंतर सांगवणार नाही. दसऱ्यापर्यंत उजेडही गेला. बाबा आणखी नऊ वर्षं जगले, आणि त्या नऊ वर्षांत त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. हिवाळ्यात खलील मियाँ कागदाच्या चकत्या कापून घेऊन आले होते, डबाभर. बाबा म्हणाले, "रहने दीजिए मियाँ। बैठिए, चाय पीते हैं।" दोघं चहा पीत मोटरींबद्दल बोलत बसले. टेबल दोन वर्षांनी मोडलं, त्याच्या फळ्यांवर आईनं तुळशीच्या कुंड्या ठेवल्या. मी एमएस्सी झाले आणि आता शाळेत शिकवते. दर वर्षी एक धडा गंजण्याचा येतो. लोखंड, पाणी, हवा, त्यात मीठ असेल तर जास्त वेगानं. मुलं लिहून घेतात. दहा मार्कांचा प्रश्न आहे. हिरवं इंजिन माझ्या कपाटात आहे, एकदाही विजेवर न धावलेलं. परवा ओलसर हवेत फडकं बदलायला काढलं, आणि लेकानं विचारलं, "ये चलता है क्या?" मी म्हटलं, "नाही." तो "अच्छा" म्हणाला आणि गेला.

चतुर्थीची सकाळ. बाबा खुर्चीत, टेबलाशी, डोळ्यावर हिरवी झडप. त्यांनी स्वतः सोवळं नेसलं होतं, निऱ्या हातानं मोजून. खलील मियाँ आले नव्हते. निरोप पाठवला होता, तबीयत ठीक नाही. मला आदल्या दिवशीच म्हणाले होते, "मुझसे देखा नहीं जाएगा, बिटिया।" शुक्ला चाचींना आईनं आरतीनंतर प्रसाद घरी पोचवते म्हणून सांगितलं. घरात आम्ही तिघंच.

माझी सगळी तयारी झाली होती. ट्रान्सफॉर्मर रुळांना न जोडता नुसताच चालू केला, म्हणजे त्याची घूं घूं ऐकू येईल. हिरव्या इंजिनाच्या आणि डब्यांच्या चाकांना तेल. मी अनवाणी. हातात बाबांची लाकडी फूटपट्टी, शेवटच्या डब्याला मागून लावलेली. आईनं टाळ घेतले, नेहमीपेक्षा जोरात. आरती सुरू झाली आणि मी गाडी ढकलत टेबलाभोवती आडवी चालू लागले. गंजलेल्या रुळांवर चाकं करकरत होती. बाप्पा त्या लांब डोळ्यांनी बघत होते. बाबांची मान गाडीमागे वळत होती. नको तिथं नाही, बरोबर गाडीमागे. शेवटच्या टाळीला मी ती स्टेशनात उभी केली.

बाबा म्हणाले, "आता एकदा शांततेत सोड. आरतीत आवाज लागला नाही नीट."

आई म्हणाली, "अहो, नैवेद्य..."

"एकच फेरी."

मी पुन्हा निघाले. घाम डोळ्यात जात होता, पुसायला हात मोकळा नव्हता. बोगदा गेला. वळण गेलं. गाडी पुलावर चढली आणि गल्लीतून तो ओरडा उठला, "अरे, गई!" डोक्यावरचा पंखा मंदावला आणि थांबला. ट्रान्सफॉर्मरची घूं घूं बंद झाली. आणि माझा हात थांबला नाही. थांबायला हवं होतं हे कळलं तेव्हा गाडी पूल उतरून सिग्नलाशी आली होती. सगळ्या महानगरात वीज नव्हती आणि आमच्या व्हरांड्यात विजेची गाडी चालली होती. आईनं तोंडाला पदर लावला. आता थांबवावी तरी मेले, चालवावी तरी मेले. मी चालवत राहिले. चाकांची करकर तेवढी ऐकू येत होती, दुसरा आवाज नाही. गाडी स्टेशनात आणून लावली आणि फूटपट्टी पाठीमागे लपवली, त्यांना दिसत नसताना.

 बाबांनी खुर्चीखाली चाचपून बांबूचा हातपंखा काढला. दोन-तीनदा स्वतःला वारा घातला. मग पंखा वळवला, मी उभी होते त्या बाजूला, आणि मला वारा घालायला लागले.

"छान चालली गं," म्हणाले. "दमलीस?"